अमेरिकेहून आलेल्या डब्या, बाबांचा डावा गुडघा आणि त्या ‘झॉम्बी’ पेशी

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, गाव सोडून बाकी ओळख काढून टाकलीये):

“ताई, मी कोल्हापूरची, वय ४६, पहिल्यांदाच लिहितेय आणि प्लीज मला अहोजाहो करू नका. घरात सासरे आहेत, आम्ही बाबाच म्हणतो, वय ७६, एसटीत ड्रायव्हर होते ३१ वर्षं. डावा गुडघा पार गेलाय, शुगर आहे, तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट टाकलाय त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी रोजची. धाकटे दीर न्यू जर्सीला असतात. त्यांनी एक व्हिडिओ पाठवला की म्हातारपणी अंगात झॉम्बी सेल्स साठतात, त्याच गुडघा खातात, त्याच शुगर वाढवतात, हार्टला पण त्याच, आणि त्या मारल्या की माणूस वीस वर्षांनी तरुण. मग ओळखीच्या कुणाबरोबर दोन डब्या पण आल्या, एक क्वेरसेटिन, एक फिसेटिन, महिन्यातनं दोनच दिवस पण भरपूर घ्यायच्या म्हणे. वर भाऊजी म्हणाले डासाटिनिब नावाची गोळी जोडीला लागते, ती इंडियात स्वस्त मिळते, तुमची मेडिकलवाल्याशी ओळख आहे ना वहिनी. आमचे हे म्हणतात देऊन टाक, व्हिटॅमिनच तर आहे. मला भीती वाटते. पण नाही दिलं आणि उद्या काही झालं तर ‘वहिनींनी दिलंच नाही’ हे जन्मभर ऐकायचं मीच. व्हिडिओ बाबांनी पण ऐकला. मी किचनमधनं बघत होते, मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, ‘म्हणजे मी आता झॉम्बीच की.’ हसले. पण संध्याकाळी कट्ट्यावर गेले नाहीत. काय करू?”

अगं सूनबाई,

आधी उत्तर देते, गप्पा नंतर. डब्या उघडू नकोस. आणि डासाटिनिबसाठी मेडिकलवाल्याला फोन तर अजिबात करू नकोस, ओळख कितीही घट्ट असू दे. ती ब्लड कॅन्सरची गोळी आहे, एका विशिष्ट प्रकारच्या ल्युकेमियासाठी २००६ पासून वापरतात, आणि तिचे ठरलेले त्रास म्हणजे प्लेटलेट्स उतरणं, रक्तस्राव, फुप्फुसाभोवती पाणी साठणं. आता स्टेंटवाला माणूस, रोज रक्त पातळ करायची गोळी घेणारा, त्याला वरनं ही गोळी, ती पण हेमॅटॉलॉजिस्टशिवाय, ब्लड काउंटशिवाय, व्हिडिओ बघून. तुला भीती वाटली ती बरोबर वाटली.

आता सविस्तर, कारण तू नुसतं ‘देऊ की नको’ विचारलेलं नाहीयेस, त्यात तीन प्रश्न आहेत आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठल्या अधिकारात बोलतेय ते कळेल. मी डॉक्टर नाही. पुण्यात एका लॅबमधे २६ वर्षं सेल कल्चर केलं, म्हणजे माणसाच्या, उंदराच्या पेशी फ्लास्कमधे वाढवायच्या, त्यांना खायला घालायचं, गर्दी झाली की दुसऱ्या फ्लास्कमधे हलवायच्या. घरी मुलाच्या डब्यात काय दिलं ते विसरायचे पण मंगळवारी कुठल्या फ्लास्कचं मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ अन्न, बदललं ते पाठ. तर ज्यांना व्हिडिओवाले झॉम्बी म्हणतात ना त्या पेशी मी हजारो वेळा मायक्रोस्कोपखाली बघितल्यात, आणि मला त्या शब्दाचा मनापासून राग आहे, का ते पुढे येईलच.

कशा दिसतात सांगू? कातडीतल्या तरुण पेशी असतात त्या लांबट, निमुळत्या, फ्लास्कच्या तळाला चिकटून सगळ्या एका दिशेनं, नदीत माशांचा थवा जावा तशा. वर गुलाबी मीडियम, इन्क्युबेटर ३७ डिग्रीला. तीनचार दिवसांत तळ भरतो, मग ट्रिप्सिन घालून सोडवायच्या, अर्ध्या नव्या फ्लास्कमधे टाकायच्या, आणि फ्लास्कवर मार्करनं आकडा लिहायचा, पी ५, पी ६, म्हणजे कितव्यांदा हलवल्या. हे चालू राहतं, चालू राहतं, आणि मग एक वेळ अशी येते की फ्लास्क भरतच नाही. आठवडा गेला, दहा दिवस गेले. डोळा लावून बघावं तर थवा मोडलेला, एकेक पेशी पसरून तव्यावरच्या हाफ फ्रायसारखी बसलेली, मधे भलं मोठं केंद्रक. मेलेली नाही हां. जेवतेय, श्वास घेतेय, मीडियम बदललं तर महिनोन्‌महिने राहील. फक्त विभाजन बंद, कायमचं.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या दोघांनी, फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधे, १९६१ साली. त्याआधी पन्नास वर्षं सगळ्या जगाची समजूत अशी की नीट सांभाळलं तर पेशी अमर असते, कारण ॲलेक्सिस कॅरेल नावाच्या नोबेलवाल्या सर्जननी कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयाच्या पेशी वर्षानुवर्षं जिवंत ठेवल्याचं सांगितलं होतं आणि एवढ्या मोठ्या माणसाला कोण विचारणार. या दोघांच्या पेशी मात्र ४० ते ६० वेळा दुप्पट झाल्या की थांबायच्या. लोक म्हणणारच ना की तुमचंच काहीतरी चुकतंय, मीडियम खराब असेल, इन्फेक्शन असेल. तर त्यांनी काय केलं, पुरुषाच्या बऱ्याच वेळा विभागलेल्या पेशी आणि बाईच्या कमी वेळा विभागलेल्या पेशी एकाच फ्लास्कमधे घातल्या, एकच अन्न, एकच हवा. काही दिवसांनी बघितलं तर पुरुषाच्या संपलेल्या आणि बाईच्या मजेत वाढतायत, क्रोमोसोमवरनं ओळखता येतं कुठली कुणाची. म्हणजे दोष हवापाण्याचा नव्हता, हिशेब पेशीच्या आतच. आणि हिशेब इतका पक्का की डीप फ्रीझमधे वर्षभर ठेवून बाहेर काढली तरी जिथे थांबली होती तिथनंच मोजणं पुढे चालू. मला आजही हे वाचलं की अंगावर काटा येतो, असो.

नुसतं मोजून थांबतात असंही नाही. डीएनए तुटला, उन्हानं, सिगरेटच्या धुरानं, केमोच्या औषधानं, फार साखरेनं, किंवा एखाद्या जीननं कॅन्सरच्या दिशेनं ढकलायला सुरुवात केली, की पेशीला तीन रस्ते असतात. दुरुस्ती, मरण, नाहीतर थांबणं. थांबणं म्हणजे ही हाफ फ्रायसारखी बसलेली पेशी, शास्त्रात तिला सेनेसंट सेल म्हणतात.

इथे बाबांना बोलव, कारण पुढचं त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळेल. समज गाडी घाटात आहे, आंबा घाट म्हण, आणि ड्रायव्हरच्या लक्षात आलं की ब्रेक लागत नाहीये. शहाणा ड्रायव्हर काय करतो? गाडी कडेला दाबतो, चाकाखाली दगड लावतो, आणि कितीही पॅसेंजर ओरडले तरी ती गाडी पुढे नेत नाही. बाबांनी ३१ वर्षांत एकदा तरी केलं असेल, विचार त्यांना. ही पेशी म्हणजे तो ड्रायव्हर. तिचा डीएनए बिघडलाय, ती पुढे विभागत राहिली तर बिघाडाच्या लाखो कॉप्या होतील आणि त्याचं नाव कॅन्सर. म्हणून ती स्वतःहून कडेला लागते. आणि नुसती उभी राहत नाही, डेपोला कळवते, म्हणजे भोवती केमिकल सिग्नल सोडते, इंटरल्युकिन ६, इंटरल्युकिन ८ अशी त्यांची नावं, शिवाय आजूबाजूचं जाळं सैल करणारी एन्झाइम्स. ते ऐकून ब्रेकडाउन व्हॅन येते, आपल्या इम्युनिटीतल्या एनके पेशी, मॅक्रोफेज, आणि गाडी ओढून नेते. तरुणपणी हे सगळं थोड्या दिवसांचं काम. जखम भरताना तर शरीर मुद्दाम अशा पेशी तयार करतं, २०१४ साली उंदरांत दाखवलंय की त्या काढून टाकल्या तर जखम उशिरा भरते. गर्भात बाळ घडताना पण ठराविक जागी या दिसतात. आता सांग, याला झॉम्बी म्हणायचं?

मग बिघडतं कुठे, तर व्हॅन येत नाही तिथे. वय वाढलं की इम्युनिटी मंदावते आणि दुसरीकडे बिघडलेल्या गाड्या वाढलेल्या. कडेला लागलेली गाडी तिथेच, इंजिन चालू, हॉर्न चालू, धूर चालू. ते सिग्नल जे थोड्या दिवसांसाठी होते ते वर्षानुवर्षं सुटत राहतात, शेजारच्या चांगल्या पेशींना पण लागण होते. हे आम्ही लॅबमधे अगदी साध्या पद्धतीनं बघायचो, म्हाताऱ्या पेशींखालचं वापरलेलं मीडियम काढून ताज्या पेशींवर टाकायचं, काही दिवसांत त्यातल्या काही पसरायला लागायच्या. रंगवून बघायचं तर एक निळा रंग आहे, १९९५ साली ज्युडिथ कॅम्पिसींच्या ग्रुपनी शोधलेला, रात्री घालून ठेवायचा, सकाळी म्हाताऱ्या पेशी नीळ घातल्यासारख्या निळ्या. (आणि त्यातही फसायला होतं, फ्लास्कमधे नुसती गर्दी झाली तरी पेशी निळ्या होतात, मी एकदा एका बिचाऱ्या पीएचडीच्या मुलीचा आठवडा त्यात घालवलाय.) या सिग्नलांच्या सगळ्या पसाऱ्याला २००८ मधे एसएएसपी असं नाव दिलं ते पण त्याच बाईंनी. त्या २०२४ च्या जानेवारीत गेल्या, या विषयातली पहिल्या फळीतली बाई, आपल्याकडे कुणी ओळभर लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

किती पेशींनी त्रास सुरू होतो? इथे मात्र भाऊजींच्या व्हिडिओत तथ्य आहे, नाही म्हणणार नाही. २०१८ मधे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स कर्कलंड आणि मंडळींनी तरुण उंदरांत थोड्याशा अशा पेशी सोडल्या, त्यांच्या हिशेबानं दर सात ते पंधरा हजार पेशींमागे एक, एवढ्यानंच उंदरांची चाल मंदावली, पकड कमी झाली. म्हणजे अख्खं शरीर म्हातारं व्हायला लागत नाही, मोक्याच्या वळणावर एक गाडी आडवी असली की घाट जाम.

बाबांच्या तिन्ही दुखण्यांशी याचा संबंध आहे. गुडघ्याच्या कूर्चेत आणि सांध्याच्या अस्तरात अशा पेशी सापडतात, आणि जाळं सैल करणारी जी एन्झाइम्स म्हटली तीच कूर्चेचा चोथा करतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या चरबीच्या थरात सापडतात. पोटाच्या चरबीत तर भरपूर, तिथनं सुटलेल्या सिग्नलांनी इन्सुलिन नीट चालत नाही, आणि वाढलेली साखर पुन्हा नव्या अशा पेशी तयार करते, म्हणजे ते एकमेकाला पोसतात. पण ‘त्याच गुडघा खातात’ हे जे व्हिडिओत ठोकून दिलंय ना ते जास्त झालं. गुडघा वजनानं झिजतो, जुन्या माराने झिजतो, मांडीचा स्नायू कमजोर झाला की झिजतो, घराण्यात असतं. ३१ वर्षं क्लच दाबलेला पाय आहे तो, क्लचनंच गेला असं छातीठोक मी म्हणणार नाही, पण एकट्या पेशींच्या माथी मारू नये.

आता औषधाचं. सगळी हवा कुठनं आली, तर मेयोमधे त्यांनी जीन बदललेले उंदीर केले ज्यांच्यात एक औषध दिलं की फक्त याच पेशी मरतात. २०११ मधे लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांत करून बघितलं, मोतीबिंदू लांबला, स्नायू टिकले. २०१६ मधे साध्या वयानं म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांत केलं, आयुष्य साधारण २५ टक्क्यांनी वाढलं, किडनी हृदय बरं राहिलं. खरोखर मोठं काम आहे. पण ते जन्माआधीच बदलून ठेवलेले उंदीर गं, आपल्यात तसं बटण नाही. म्हणून बटणाशिवाय काय चालेल ते शोधलं आणि २०१५ मधे ही डासाटिनिब अधिक क्वेरसेटिनची जोडी पुढे आली, भाऊजी म्हणतात तीच.

माणसांत काय झालं हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. २०१९ मधे फुप्फुस निबर होणाऱ्या आजाराचे १४ पेशंट, ही जोडी तीन आठवडे दिली, चालण्यात थोडा फरक पडला, पण शेजारी खोटी गोळी दिलेला ग्रुपच नव्हता, म्हणजे औषधानं बरं वाटलं की डॉक्टर रोज विचारपूस करतात म्हणून, सांगता येत नाही. २०२४ मधे पाळी गेलेल्या ६० बायकांत हाडांसाठी वीस आठवडे करून बघितलं, हाडाची झीज मोजणारा जो मुख्य आकडा होता त्यात एकंदरीत फरक नाही. आणि तुझ्या कामाची बातमी ही की गुडघ्यावर तर थेट प्रयोग झालाय. युनिटी बायोटेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीनं याच पेशी मारणारं इंजेक्शन गुडघ्यातच द्यायचं काढलं, उंदरांच्या गुडघ्यात झकास चाललं होतं, १८३ पेशंट घेतले, १२ आठवडे, ऑगस्ट २०२० मधे निकाल आला, खोट्या इंजेक्शनपेक्षा काहीच सरस नाही. तज्ज्ञ डॉक्टरांनी मोजून मापून सांध्यात दिलेलं इंजेक्शन चाललं नाही, तिथे तोंडानं घेतलेली कॅप्सूल पोट लिव्हर सगळं पार करून गुडघ्यापर्यंत पोचून काम करील हे मला तरी पटत नाही.

या पेशी नुसत्या मारून टाकणं एवढं सोपं का नाही, याचं कारण मला फार शिकवणारं वाटतं. या पेशी मरत का नाहीत, तर त्यांनी मरणाचं दार आतनं बंद केलेलं असतं, ठराविक प्रोटीन वापरून. ते प्रोटीन अडवलं की त्या मरतात. पण त्यातलं एक प्रोटीन आपल्या प्लेटलेट्सना पण जगायला लागतं, म्हणून नॅव्हिटोक्लॅक्स नावाचं असंच एक औषध दिलं की प्लेटलेट्स धडाधड पडतात. आणि २०२० मधे उंदरांवरच असं दिसलं की लिव्हरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या अशा पेशी काढल्या तर त्यांच्या जागी नवीन आल्याच नाहीत, भोक पडलं, लिव्हर निबर व्हायला लागलं. म्हणजे घाटातल्या काही बिघडलेल्या गाड्या कठड्याचं काम करत होत्या, ओढून नेल्या आणि कडा मोकळा. कुठली गाडी हलवायची, कुठली राहू द्यायची हे आज कुणालाच नीट ओळखता येत नाही, आणि बाबांच्या अंगात अशा पेशी किती हे मोजणारी टेस्ट पण तुझ्या पॅथॉलॉजीत मिळत नाही. मग डबी कशाच्या भरवशावर?

क्वेरसेटिन म्हणशील तर ते कांद्यातच असतं. ‘मग काय बिघडतंय’ असं तुझे मिस्टर लगेच म्हणतील म्हणून हिशेब देते. शंभर ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम, जातीप्रमाणे कमीजास्त, आणि ट्रायलमधला डोस १००० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका बैठकीला अडीच ते पाच किलो कांदा. हे व्हिटॅमिन नाही, एवढ्या डोसला ते औषधासारखं वागतं, दुसऱ्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वरखाली करू शकतं, आणि बाबांच्या गोळ्यांत रक्त पातळ करायची एक आहेच. पिठल्याबरोबर कांदा फोडून खाऊ देत रोज, त्याला माझा आशीर्वाद. आणि अमेरिकेतनं आलं म्हणजे तपासून आलं हा आपल्याकडचा पक्का समज आहे, तर तिथे सप्लिमेंट विकायच्या आधी ते गुणकारी आहे असं एफडीएला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. मी कुणाला हसत नाहीये, रिटायर झाल्यावर मी स्वतः तीन महिने कोलॅजन पावडर चहात ढवळली आहे, गुठळ्या राहायच्या, गुडघा होता तसाच, चहा तेवढा गेला.

मग करायचं काय. जे आहे ते इतकं साधं आहे की कुणी त्याचा व्हिडिओ करत नाही. त्याच मेयोच्या लोकांनी वयस्कर माणसांना १२ आठवडे शिस्तीत व्यायाम दिला आणि रक्तातल्या पेशींमधल्या या म्हातारपणाच्या खुणा कमी झालेल्या दिसल्या, २०२१ चं काम आहे. त्यानं बाबांचा गुडघा नवा होईल असं मी म्हणत नाही. पण मांडीचा पुढचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार उतरतो, हे ऑर्थोपेडिकवाले पण सांगतात आणि फिजिओ पण. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. तू फिजिओथेरपिस्टकडे एकदा घेऊन जा, ती तुला स्टेंट सांभाळून काय काय चालेल ते दाखवेल, आठवड्यातनं तीनदा, आणि शुगर ताब्यात, तंबाखू असेल तर बंद (ड्रायव्हर होते म्हणून विचारतेय, राग मानू नकोस). हे सगळं नव्या गाड्या कडेला लागणंच कमी करतं. जुन्या ओढून नेणारी गोळी येईल तेव्हा येईल, मला वाटतं येईलही, काम चांगल्या माणसांच्या हातात आहे. पण ती येईल तेव्हा तुझ्या कार्डिओलॉजिस्टला माहीत असेल, कुणाच्या बॅगेतनं यावी लागणार नाही.

आता भाऊजी. मला त्यांचा राग नाही येत. बारातेरा हजार किलोमीटरवर बसलेल्या मुलाला रात्री झोप लागत नाही, बाप लंगडतोय, आपण तिथे नाही, मग तो डबी पाठवतो. डबी ही त्याची सेवा आहे. त्यामुळे ‘नाही देणार’ असं सरळ तोडलंस तर त्याला ते औषध नाकारल्यासारखं नाही, त्यालाच नाकारल्यासारखं लागेल, आणि तू म्हणतेस ते जन्मभरचं ऐकणं तिथनं सुरू होईल. निर्णय तुझ्या डोक्यावर घेऊच नकोस. कार्डिओलॉजिस्टची संध्याकाळची वेळ घे, साडेसहाच्या सुमारास, तिकडे सकाळ असते, आणि भाऊजींना व्हिडिओ कॉलवर घे, मिस्टरांना बाजूला बसव. मेसेज असा टाक: “भाऊजी, डब्या मिळाल्या. तुम्ही एवढी काळजी घेता बाबांना फार बरं वाटलं. स्टेंटच्या गोळ्या चालू आहेत म्हणून डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करू, शुक्रवारी संध्याकाळी वेळ आहे, तुम्ही पण फोनवर या, तुम्हाला इंग्लिशमधनं नीट विचारता येईल.” त्यांच्यासमोर डॉक्टर जे म्हणतील ते सगळ्यांनी ऐकलेलं असेल. ‘वहिनींनी दिलं नाही’ हे वाक्य तिथेच संपतं. आणि त्यांना एक काम दे, काहीतरी करायला हवं असतं अशा माणसाला. फिजिओची फी त्यांनी भरावी, आणि व्यायामाच्या वेळी रोज फोन करून दहापर्यंत आकडे त्यांनी मोजावेत. मुलगा मोजतोय म्हटल्यावर म्हातारा पाय खाली टाकत नाही, माझ्या वडिलांचं बघितलंय मी.

आणि बाबा, जे मघाशी तिसरं म्हटलं ते. पत्रातलं ते एक वाक्य वाचून मी चहा ठेवून दिला. हसले आणि कट्ट्यावर गेले नाहीत, म्हणजे लागलंय त्यांना. व्हिडिओतला तो आवाज काय सांगत होता, की तुझ्यात जे म्हातारं झालंय ते कचरा आहे, मारून टाका. शहात्तर वर्षांचा माणूस दुसरं काय ऐकणार त्यात? तू समजूत घालायला जाऊ नकोस, त्यांना आवडणार नाही. संध्याकाळी चहा देताना फक्त विचार, बाबा, घाटात ब्रेक गेला होता का हो कधी, काय केलं तुम्ही? बोलतील. ते सगळं सांगून झालं ना, की मग सांग की तुमच्या अंगातल्या ज्या पेशींना तो झॉम्बी म्हणत होता त्यांनी हेच केलंय, बिघाड कळला म्हणून गाडी कडेला घेतली, पॅसेंजर वाचवले, आता व्हॅन उशिरा येते त्याला त्या काय करणार. एसटीतल्या माणसाला व्हॅन उशिरा येण्याबद्दल बोलायला अर्धा तास पुरत नाही, तेवढ्यात चपला चढवून कट्ट्याकडे निघतील बघ.

हां, आणि शुक्रवारी डॉक्टरांकडे जाताना डब्यांचे फोटो काढून नेऊ नकोस, डब्याच पिशवीत टाकून ने, बाबांच्या सगळ्या चालू गोळ्यांच्या स्ट्रिपसकट. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एका कॅप्सूलमधे किती मिलिग्रॅम, अजून काय काय मिसळलंय ते असतं, आणि बहुतेक हे पण असतं की हे उत्पादन कुठलाही आजार बरा करण्यासाठी नाही. ते भाऊजींना कॅमेऱ्यात डॉक्टरांनीच वाचून दाखवू दे.

तुझी ताई